सहावा आरसा

महामाया इंगळेचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड होतं. मेहकरला घरी गेली की शेजारपाजारचे विचारायचे, आणि ती तोंड उघडायच्या आत एसटी डेपोत नोकरी केलेले तिचे वडील इंद्रभान उत्तर देऊन मोकळे व्हायचे, "आमची पोरगी आरसे फोडते. फोडायचाच पगार भेटते तिले."

त्यात खोटं काही नव्हतं. खामगावच्या एमआयडीसीत, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या कंपाउंडला लागून, डॉ. उत्तमराव सरांची छोटी प्रयोगशाळा होती. सर इंदूरला पंचवीस वर्षं लेझरवर काम करून गावाकडे परतले होते. लेझरच्या यंत्रात प्रकाश वळवायला जे आरसे लागतात ते घरातल्या आरशासारखे नसतात. काचेच्या चकतीवर अतिशय पातळ असे तीस-पस्तीस थरांचा लेप चढवलेला असतो. लेझर जोरकस असला आणि थर कच्चे असले, की आरसा स्वतःच जळतो. म्हणून ठिकठिकाणचे लोक इथे आरसे कुरिअरने पाठवायचे, आणि कोणता आरसा किती सोसतो ते महामाया बघायची.

दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या आरशावर ती शंभर जागा आखायची. पहिल्या दहा जागांवर लेझरचा हलका मारा, पुढच्या दहांवर त्याहून जास्त, असं चढत जायचं. हा लेझर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. आरसा हरला की फक्त 'टिक्' असा बारीक आवाज यायचा, एक ठिणगी उडायची, आणि मायक्रोस्कोपखाली लेपात खड्डा दिसायचा. चार वर्षांत महामायाचे कान त्या आवाजाला इतके सरावले होते, की घरी कुणी हरभरा फोडला तरी तिची मान वळायची.

दिवाळीच्या आधी एक अडचण आली. लेझरचा झोत कसा पडतोय हे दाखवणारा कॅमेरा बिघडला आणि दुरुस्तीला बेंगळुरूला गेला. सुटा भाग परदेशातून यायचा होता. सर म्हणाले, "लेझर तोच आहे, भिंगं तीच आहेत. जुन्या मापावर चालवू." महामायालाही ते पटलं. काम थांबवणं तिलाही नको होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॅमेरा परत आला. सकाळी महामायाने तो जागेवर बसवला, झोत सोडला आणि पडद्याकडे बघून ती जागच्या जागी उभी राहिली. झोत मधोमध दाट आणि कडेला विरत गेलेला असा दिसायला हवा होता. त्याऐवजी वरच्या डाव्या बाजूला एक प्रखर ठिपका होता. चांगल्या गोल भाकरीवर एकाच जागी करप धरावी तसा.

तिने वाटेतलं एकेक भिंग काढून तपासलं. तिसऱ्या भिंगावर खसखशीच्या दाण्याएवढा डाग सापडला. मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा डागाच्या कडेला जळालेल्या तंतूचं टोक चिकटलेलं दिसलं. कापूस. शेजारच्या जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, आणि मग कितीही दारं लावा, कितीही गाळण्या बसवा, हवेत रुई तरंगत राहतेच. त्यातला एक तंतू भिंगावर बसला, लेझरने तो जाळला, आणि त्याच्यासोबत भिंगाचा लेपही जाळला. त्या डागाशी अडखळून प्रकाश पुढे एका ठिकाणी दाटत होता. महामाया वहीत माऱ्याचा जोर 'आठ' लिहीत होती, तेव्हा त्या ठिपक्यात जवळजवळ सोळा बसत होते.

हे कधीपासून? तिने कपाटात ठेवलेले जुने नमुने काढले. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे खड्डे बरोबर जागेच्या मध्यावर होते. त्यानंतरचे सगळे वर डावीकडे सरकलेले. तिने तेव्हा ते पाहिले होते, आणि आरसा जरा तिरका बसला असेल म्हणून सोडून दिले होते. त्या काळात चार रिपोर्ट बाहेर गेले होते. तीन आरसे दुप्पट मारा सोसूनही पास झाले होते, त्यांची चिंता नव्हती. चौथा रिपोर्ट डिसेंबरचा. जळगाव जामोदचे गोपाल. नापास.

ती रिपोर्टची प्रत घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः जाऊन कॅमेऱ्याचा पडदा पाहिला.

"दोष माझा आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्याशिवाय चालवायला मीच सांगितलं. त्यांना पत्र पाठव. नव्याने चाचणी करून देऊ, विनामूल्य."

"सर, मी स्वतः जाऊन येऊ का?"

"पत्राने भागणार नाही?"

महामायाने रिपोर्टचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. तळाला शेरा होता, तिच्या हातचा: 'नुकसानीची सुरुवात लेप चढवण्यापूर्वीच्या सफाईत राहिलेल्या अस्वच्छतेमुळे झाली असावी.'

"हे मी बघून लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "बहुतेक वेळा तसंच असतं, म्हणून लिहिलं."

सरांनी पान उलटं करून ठेवलं. "जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यावरून जाणाऱ्या बसने ती जळगाव जामोदला उतरली. गोपालची शेड गावाबाहेर होती. पुण्यात एका कंपनीत नऊ वर्षं लेप चढवण्याचं काम शिकून तो परत आला होता आणि जुनं यंत्र विकत घेऊन त्याने इथे मांडलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर धरलेली जाळी काढायला जो लेझर वापरतात, ते यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीने त्याच्याकडे आरसे मागितले होते. अट पंधरापर्यंतचा मारा सोसण्याची होती. रिपोर्ट आला आठचा. कंपनी दुसरीकडे गेली.

शेडमध्ये शिरताच महामायाला समोर ओळीने प्लास्टिकचे चषक दिसले. कबड्डीच्या सामन्यांचे. आरशांवर लेप चढवायला आणलेल्या यंत्राच्या मोठ्या पोलादी पिंपात आता चषकांवर सोनेरी मुलामा चढत होता.

"बसा मॅडम," गोपाल म्हणाला. चाळिशीचा, सडपातळ माणूस. "कसं येणं केलं?"

तिने बसमध्ये मनाशी जुळवलेली वाक्यं तिला आठवेनात. मग तिने सरळ सांगितलं. भिंग, तंतू, ठिपका, आठ आणि सोळा. गोपाल ऐकत होता. हातातला चषक त्याने आधी खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"म्हंजे माह्ये आरसे चांगले होते?"

"असू शकतात. पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"तीन महिने झाले मॅडम." तो ओरडला नाही, पण आवाज चिरकला. "तीन महिने मी रोज रात्री उठून इचार केला, का नेमकं कुठं चुकलं. पार पिंप खोलून पाह्यलं मी. तुमच्या कागदात लिहेल होतं, सफाई. मंग मी सफाईवाल्या बाईले काढलं."

महामायाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कुणाला?"

"पुष्पाबाईले. लेप चढवायच्या आधी काचा त्याच पुसत. दोन वर्सं झाली होती. मी तो कागद सगळ्यायसमोर वाचून दाखोला. म्हनलं, पाहा, हे तुमच्या हातचं काम." त्याने हातातला चषक ठेवून दिला. "एक शब्द बोलल्या नाही त्या. पदर खोचला अन् निंघून गेल्या."

बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला. महामायाच्या मनात आलं, की आपण 'असावी' लिहिलं होतं. 'आहे' नव्हतं लिहिलं. पण हा विचार आला तसा तिला त्याची किळस आली. इतक्या दुरून येणाऱ्या कागदावरचा 'असावी' कोण वाचतं?

"त्यांचं घर कुठं हाय गोपालभाऊ?" तिने विचारलं. घरची बोली तिच्या तोंडी आपसूक आली.

गोपालने तिला मोटारसायकलवर नेलं, पण गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवली. "तुम्ही जा. मले नाही जमनार."

पुष्पाबाई अंगणात सुपाने हरभरा पाखडत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हाडापेराने मजबूत. महामायाने ओळख सांगितली तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला, पण त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"तो कागद तुम्ही लिहेल होता?"

"हाव मावशी. मीच."

"माही सफाई खराब होती म्हनून?"

"मी न पाहता लिहिलं. आमच्याच यंत्रात दोष निघाला."

पुष्पाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग माही चूक नव्हती?"

हा प्रश्न येणार हे महामायाला गल्लीत शिरतानाच माहीत होतं. 'नव्हती' म्हणणं किती सोपं होतं. बाईचा जीव हलका झाला असता, तिचाही झाला असता. पण एकदा न पाहता लिहिलं, त्याची भरपाई आता न पाहता बोलून कशी होणार?

"ते मले माहीत नाही," ती म्हणाली. "आरसे पुन्हा तपासल्यावरच कळन."

पुष्पाबाई हसल्या. त्या हसण्यात राग होता की नाही, ते कळेना. "चांगलं हाय तुमचं. चूक कोणाची म्हनून इचारलं, तं तुम्ही म्हनता माहीत नाही." मग थोड्या वेळाने, "मंग मले पाहू द्या. मी येते तुमच्या तिथं. दोन वर्सं काचा पुसल्या, त्यायचं पुढं काय होते ते मी कधी पाह्यलंच नाही."

एकाच खेपेत लेप चढवलेल्या त्या सहा आरशांपैकी एकावर डिसेंबरात मारा झाला होता आणि पाच गोपालकडे तसेच पडून होते. पहिला प्रयोगशाळेच्या कपाटातच होता, आणि त्याच्यावरही अर्धी जागा शिल्लक होती. पुढच्या सोमवारी गोपालने ते पाचही पाठवले. पुष्पाबाईंच्याच हाती, मऊ कागदात गुंडाळून डब्यात. आपण येत नाही म्हणाला.

खामगावला महामायाने त्यांना पांढरा झगा दिला, डोळ्यांना हिरव्या काचांचा चष्मा लावायला दिला आणि बाजूच्या स्टुलावर बसवलं. भिंग नवं बसवलं होतं, झोत कॅमेऱ्यावर तपासून घेतला होता. सर मागे हाताची घडी घालून उभे होते.

"उजेड कुठं हाय?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"हा दिसत नाही मावशी." महामायाने झोताच्या वाटेत एक कार्ड धरलं. कार्डावर हिरवट ठिपका उमटला. पुष्पाबाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग रिकाम्या हवेकडे.

"न दिसनाऱ्या उजेडानं काच जळते," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मारा सुरू झाला. पाच, सहा, आठ. आवाज नाही. दहा. बारा. पुष्पाबाई स्टुलावर पुढे सरकून बसल्या. पंधरा झाले, सोळा झाले. सतराच्या ओळीत पहिला 'टिक्' आला तेव्हा त्या दचकून उठल्या.

"फुटला?"

"सतरावर. पंधरा सोसायचे होते त्याने." महामायाने वहीत आकडा टिपला. "पास झाला मावशी."

दुपारपर्यंत पाच आरसे झाले. सगळे सोळा-सतरा-अठरापर्यंत टिकले. पुष्पाबाई सरांनी मागवलेला चहा प्यायला बाहेर ओट्यावर गेल्या, आणि महामायाने सहावा आरसा चढवला.

नऊच्या ओळीतच 'टिक्' झालं.

तिला वाटलं चुकून झालं. तिने पुढच्या जागेवर मारा केला. पुन्हा 'टिक्'. त्याच्या पुढची जागा शांत राहिली, आणि चौथ्यावर परत. मायक्रोस्कोपचा पडदा लावला तर तिन्ही खड्डे एका सरळ, केसाएवढ्या रेषेवर होते. रेष लेपाच्या खालची होती. आरसा लेप चढण्याआधीच तसा होता.

ती पडद्याकडे बघत राहिली. पाच आरसे पास होते. कंपनीला पाच पुरे होते; एका नमुन्यावर रिपोर्ट देतात लोक, इथे तर पाच होते. एखादा कमीजास्त निघू शकतो. पाचांचाच रिपोर्ट लिहावा, बाईला चार माणसांत मान परत मिळावा. तिला काही खोटं लिहायचं नव्हतं. फक्त एक आरसा डब्यात परत ठेवायचा होता. तिचा हात पडद्याच्या बटणाकडे गेला, आणि तिने पडदा बंद केला.

पुष्पाबाई आत आल्या. कप धुऊन आणला होता.

"झालं का सगळं?"

"झालं मावशी. पाचही पास."

"सहा होते."

सरांनी महामायाकडे पाहिलं. महामाया खाली बघत होती.

"सहावा दाखवा," पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो आवाज मोडता येणारा नव्हता.

महामायाने पडदा लावला. पुष्पाबाई अगदी जवळ गेल्या, चष्मा काढून, डोळे बारीक करून पाहिलं. बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर धरून त्या रेषेवरून हळूहळू नेलं.

"हे माहं हाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, तसं नक्की नाही सांगता..."

"मले सांगता येते. ओला कागद काचेवर ठेवायचा अन् एका दमात ओढत न्यायचा. मधात हात थांबला का तिथं पानी सुकते अन् अशी रेघ राह्यते. गोपालभाऊनं पह्यल्याच दिवशी शिकोलं होतं." त्या मागे सरकून स्टुलावर बसल्या. "कोनी हाक मारली असन. नाहीतं मन दुसरीकडं गेलं असन. पन हात माहाच थांबला."

"मी हा सोडून देणार होते," महामाया म्हणाली.

"ते समजलं मले. मी आत आली तं पडदा बंद होता." पुष्पाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, पह्यले तू न पाहता माह्यावर चूक लोटली. आता पाहून झाकून राह्यली. दोन्ही बारीला मले कोनी इचारलंच नाही. माहं काम हाय ते. पाच चांगले बी माहे, अन् हा खराब बी माहाच. सहाही लिव्ह."

महामायाने वही ओढली आणि सहाव्या आरशाचे आकडे उतरवायला घेतले. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

रिपोर्ट दोन भागांत गेला. पहिल्यात डिसेंबरचा निकाल रद्द केल्याचं, आणि चूक प्रयोगशाळेची होती हे स्वच्छ शब्दांत. त्याखाली सरांनी स्वतः सही केली. दुसऱ्यात सहा आरशांचे सहा निकाल: पाच पास, एक नापास, नापास होण्याचं कारण लेपाखाली दिसलेली पुसण्याची रेष, सोबत छायाचित्र. शेरा नव्हता.

पुढे जे झालं ते सगळंच मनासारखं झालं असं नाही. डोळ्यांच्या यंत्रांची कंपनी परत आली, पण मोठी मागणी तोवर दुसऱ्याला गेली होती; गोपालला फक्त बारा आरशांचं काम मिळालं, आवडलं तर पुढे बघू असं सांगून. चषकांचं काम त्याला चालूच ठेवावं लागलं. तो पुष्पाबाईंच्या घरी गेला, तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला आणि येते म्हणाल्या, पण ज्यांच्यासमोर कागद वाचला होता त्यांच्यासमोर हाही कागद वाचायचा, या अटीवर. सगळा, सहाव्या आरशासकट. गोपालने वाचला. वाचताना मधेच त्याचा आवाज बसला आणि शेवटच्या ओळी पुष्पाबाईंनी पाणी आणून दिल्यावर पुऱ्या झाल्या, असं त्याने फोनवर महामायाला सांगितलं. आता त्या आठवड्यातून तीनच दिवस जातात. उरलेले दिवस शाळेत खिचडी शिजवायला जातात. ते काम त्यांनी मधल्या काळात धरलं होतं आणि सोडायला त्या तयार नव्हत्या.

खामगावात सरांनी जिनिंगच्या बाजूची खिडकी विटा लावून बंद करून घेतली. महामाया मेहकरला गेली तेव्हा वडिलांना सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या डेपोत कोणाची चूक कोणावर गेली का कधी?" इंद्रभान म्हणाले, "गेली. एकदा माहीच गेली दुसऱ्यावर." मग त्यांनी तिला एका कंडक्टरची गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

जुलैत, झडीच्या दिवसांत, पुष्पाबाईंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करताच त्यांनी सुरुवात केली.

"पोरी, एक सांग. ह्या दमट हवेत कागद लवकर सुकून नाही राह्यला. मंग हात हळू न्यायचा का जोरानं?"

पुस्तकात याचं उत्तर असेल असं महामायाला वाटेना.

"मले नाही माहीत मावशी."

"मंग?"

"सहा काचा हळू पुसा, सहा जोरानं. कोणत्या कोणत्या ते मले सांगू नका. पाठवून द्या."

"अन् तू फोडशीन."

"हाव."

"बरं," पुष्पाबाई म्हणाल्या. "उद्याच्या गाडीनं पाठोते."